शर्यतीआधीचा अर्धा तास

जलतरण स्पर्धेत सहाव्या लेनच्या ब्लॉकमागे, म्हणजे जिथून सूर मारतात त्या चौथऱ्यामागे, मी स्टॉपवॉच घेऊन उभी होते. सप्टेंबरचे दिवस, रात्रभर पाऊस पडून गेलेला आणि टँक उघड्यावरचा. माझ्या लेनमध्ये थोड्या वेळानं उतरणारी मुलगी बारा वर्षांची असेल. कॅप घातलेली, गॉगल कपाळावर, दोन्ही पंजे काखेत दाबून धरलेले, ओठ जांभळट पडलेले. ओल्या फरशीवर ती एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार देत होती. "काकू, अजून किती हीट आहेत हो?" तिनं विचारलं. चार हीट, म्हणजे पोहणाऱ्यांच्या चार तुकड्या, अजून बाकी होत्या. तिचा वॉर्म-अप सकाळी साडेसातला झाला होता आणि आता अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

ती ५० मीटर फ्रीस्टाइल पोहली. सूर कसला, ती पाण्यात पडलीच म्हणायची. पहिले दहा-बारा हात आखडलेले होते, मग कुठे लय सापडली, तोवर भिंत आली. तिची वेळ मी शतांश सेकंदापर्यंत लिहिली, कारण नियम तसा आहे. बाहेर येऊन तिनं आधी टायमिंग विचारलं, ऐकलं, आणि काही न बोलता टॉवेल शोधायला गेली.

गेली कित्येक वर्षं मी जिल्हा आणि विभाग पातळीवरच्या स्पर्धांना टाइमकीपर म्हणून जाते. शाळा-कॉलेजात मी स्वतः पोहलेली आहे, त्यामुळे त्या मुलीच्या आखडलेल्या खांद्यांत काय होत होतं ते मला आतून कळतं. ५० आणि १०० मीटरच्या शर्यतीत वॉर्म-अप हा शर्यतीचाच भाग असतो. तो मुलांना नीट मिळेल, आणि मुख्य म्हणजे शर्यतीच्या जवळ मिळेल, हे पाहणं आयोजकांचं काम आहे. आज आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ते मुलांच्या नशिबावर सोडलेलं असतं, आणि याबद्दल कुणी फारसं बोलतही नाही.

स्प्रिंटमध्ये, म्हणजे अशा छोट्या शर्यतींत, किती थोड्यात किती ठरतं, याचं उदाहरण आपल्या घरचंच आहे. कोल्हापूरचा वीरधवल खाडे. २०१० साली ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्यानं ५० मीटर बटरफ्लायमध्ये कांस्य मिळवलं. १९८६ च्या सोलमधल्या खजान सिंग यांच्या रौप्यपदकानंतर चोवीस वर्षांनी भारताला आशियाई जलतरणात मिळालेलं ते पदक. पुढे २०१८ मध्ये जकार्तात तो ५० मीटर फ्रीस्टाइलच्या अंतिम फेरीत होता. त्याची वेळ २२.४७ सेकंद, तिसऱ्या आलेल्या जपानी जलतरणपटूची २२.४६. एक शतांश सेकंद. त्या वेगानं पोहणारा माणूस एवढ्या अवधीत सव्वादोन सेंटिमीटर पुढे जातो. नियमाप्रमाणे ५० मीटरचा टँक ठरल्या लांबीपेक्षा तीन सेंटिमीटरपर्यंत मोठा असला तरी चालतो, म्हणजे हे अंतर बांधकामातल्या मान्य फरकापेक्षाही कमी. वीरधवलनं त्याच स्पर्धेच्या प्राथमिक फेरीत २२.४३ ची वेळ देऊन राष्ट्रीय विक्रम केला होता. तीच वेळ अंतिम फेरीत आली असती तर कांस्य त्याचं होतं. त्या दिवशी त्याचं काय कमी पडलं, हे सांगायचा मला काही अधिकार नाही आणि त्याचा वॉर्म-अपशी संबंधही मी लावत नाही. पण एकच माणूस, एकाच टँकमध्ये, थोड्याच वेळाच्या फरकानं चार शतांशांनी वर-खाली होतो, आणि पदक मात्र एका शतांशावर ठरतं, हे स्प्रिंटचं वास्तव आहे.

ऑलिंपिकमध्येही ५० मीटर फ्रीस्टाइलच्या सुवर्ण आणि रौप्यपदकांत तेच दिसतं. २०१६ मध्ये रिओत अँथनी अर्विन २१.४० आणि फ्लोराँ मानोदू २१.४१. २०२४ मध्ये पॅरिसला कॅमेरॉन मॅकएव्हॉय २१.२५ आणि बेन प्राउड २१.३०.

आता शरीराकडे येऊ. ५० मीटरची शर्यत आपल्या मुलांच्या बाबतीत २५ ते ४० सेकंदांत संपते. दम वाचवून शेवटी जोर लावायला इथे जागाच नसते. जो काही जोर आहे तो पहिल्या क्षणापासून हवा, आणि तो स्नायूंच्या तापमानावर बराच अवलंबून असतो. स्नायू एक अंश सेल्सिअसनं तापला तर त्याची ताकद झटक्यानं लावण्याची क्षमता साधारण दोन ते पाच टक्क्यांनी वाढते, असं शरीरशास्त्र सांगतं. चेतातंतूंमधून संदेश वेगानं जातात, स्नायूंतल्या रासायनिक क्रिया जलद होतात, सांधे मोकळे होतात, रक्तातला प्राणवायू स्नायूंना सहज मिळतो. हालचाल सुरू केली की पहिल्या तीन ते पाच मिनिटांत स्नायूंचं तापमान झपाट्यानं चढतं आणि दहा ते वीस मिनिटांत स्थिरावतं. इतकं सगळे कोच सांगतात आणि मुलांनाही पाठ असतं.

ज्याकडे दुर्लक्ष होतं ती गोष्ट म्हणजे हे तापमान उतरतंही. हालचाल थांबली की लगेच उतरायला लागतं, आणि पंधरा-वीस मिनिटांत कमावलेल्यातलं बरंच निघून गेलेलं असतं. जलतरणपटूच्या बाबतीत तर ते जास्तच वेगानं होतं. पाणी हवेच्या वीसहून अधिक पट वेगानं उष्णता वाहून नेतं. अंगावर ओला कॉश्च्यूम, केसांतून मानेवर ओघळणारं पाणी, वरून वारा, खाली गार फरशी. धावपटू वॉर्म-अपनंतर ट्रॅकसूटमध्ये कोरडा उभा असतो. आपली मुलगी ओलेत्यानं उभी असते. अंगानं बारीक मुलं तर मोठ्यांपेक्षा लवकर गार पडतात. त्यामुळे किती मीटर वॉर्म-अप केला यापेक्षा तो संपून किती वेळ झाला, हे विचारलं पाहिजे.

यावर झालेलं एक संशोधन माझ्या डोक्यातून जात नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात आठ कसलेल्या जलतरणपटूंना एकसारखा वॉर्म-अप देऊन २०० मीटर फ्रीस्टाइल पोहायला लावलं. एकदा वॉर्म-अपनंतर २० मिनिटांनी, एकदा ४५ मिनिटांनी. २० मिनिटांनी पोहले तेव्हा त्यांची वेळ जवळजवळ दीड टक्क्यानं सरस आली. शर्यत २०० मीटरची होती, माणसं आठच होती, हे मान्य. पण फरक पडला तो फक्त पंचवीस मिनिटं जास्त थांबण्यानं. माझ्या लेनमधली मुलगी साडेतीन तासांहून जास्त थांबली होती.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी याच्या पुढचा प्रश्न घेतला. मोठ्या स्पर्धांत वॉर्म-अप आणि शर्यत यांच्यात अर्धा तास जातोच. रेसचा घट्ट कॉश्च्यूम चढवायला वेळ लागतो, कॉल रूममध्ये आधी हजेरी द्यावी लागते. मग त्या अर्ध्या तासात काय करता येईल? त्यांनी जलतरणपटूंना आतून गरम होणारी जॅकेट घातली आणि जमिनीवर थोडे झटक्याचे व्यायाम करायला लावले. दोन्ही मिळून १०० मीटर फ्रीस्टाइलची वेळ एक टक्क्याहून थोड्या कमी फरकानं सुधारली. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. २८ सेकंदांच्या शर्यतीत तो २८ शतांश होतो आणि पाण्यावर अर्धा मीटर. आपल्या जिल्हा स्पर्धेत पहिल्या आणि चौथ्या नंबरात पुष्कळदा याहून कमी अंतर असतं. आतून गरम होणारं जॅकेट आपल्याला परवडणार नाही, पण आईनं विणलेला स्वेटर, कानटोपी, पायात मोजे आणि जाग्यावर मारलेल्या दहा उड्या कुणालाही परवडतात.

माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जाणारा पुरावाही मी इथेच मांडते, कारण तो महत्त्वाचा आहे. अमेरिकेतल्या सोळा विद्यापीठीय जलतरणपटूंवर ५० यार्ड फ्रीस्टाइलचा प्रयोग झाला होता. एकदा नेहमीचा पूर्ण वॉर्म-अप, एकदा अगदी छोटा, एकदा काहीच नाही. सरासरी पाहिली तर पूर्ण वॉर्म-अपनंतरची वेळ छोट्या वॉर्म-अपपेक्षा स्पष्टपणे चांगली होती. पण माणसागणिक पाहिलं तर सोळापैकी सातजण पूर्ण वॉर्म-अपनंतर सर्वांत वेगानं पोहले, तीनजण छोट्यानंतर, आणि सहाजण चक्क काहीच न करता. वॉर्म-अपला नावं ठेवणारे या सहाजणांकडे बोट दाखवतात. मला त्यातून वेगळी गोष्ट दिसते. एकाच मापाचा वॉर्म-अप सगळ्यांना बसत नाही. कुणाला ८०० मीटर लागतात, कुणी तेवढ्यानं दमून जातं. म्हणून प्रत्येक मुलाला स्वतःचं माप शोधायला मोकळीक आणि जागा हवी. आपल्या टँकवर शिट्टी वाजते, दीडशे मुलं एकदम पाण्यात उतरतात आणि वीस मिनिटांनी दुसरी शिट्टी वाजते. त्यात कोण कुणाचं माप शोधणार?

ती वीस मिनिटं एकदा काठावर उभं राहून नीट पाहावीत. एका लेनमध्ये पंधरा-सोळा मुलं. अकरा वर्षांच्या मुलीच्या मागे सतरा वर्षांचा बटरफ्लायवाला. मधेच कुणी लेन रोप धरून थांबलेलं, त्याच्यावर मागचा आपटलेला. सलग एक लांबीसुद्धा मोकळी मिळत नाही, ब्लॉकवरून एक-दोन सूर मारून पाहणं दूरच. गर्दीच्या लेनमध्ये सूर मारू देणं धोक्याचंच आहे, त्यामुळे कोच मुलांना काठ धरून पाय आधी टाकत उतरायला सांगतात, आणि ते बरोबर आहे. पण त्यासाठी एक लेन वेगळी ठेवून तिथे एकाच दिशेनं सूर मारायचा आणि पलीकडून बाहेर यायचं, ही साधी पद्धत जगभर आहे. तिला एक पंच आणि एक दोरी लागते.

आणि मग उद्घाटन. याबद्दल लिहिताना मला खरंच वाईट वाटतं, कारण ही माणसं वाईट नसतात. वॉर्म-अप संपतो, मुलं बाहेर येतात आणि त्यांना शाळावार रांगेत उभं केलं जातं. प्रमुख पाहुणे निघालेत, पोहोचतीलच. मग दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, सत्कार, शाल आणि श्रीफळ, खेळाचं जीवनातलं महत्त्व या विषयावर दोन शब्द, मुलांची शपथ, आभार. तासभर तरी जातोच, कधी दीड. पहिली शर्यत बहुतेक वेळा लहान गटाची असते, म्हणजे ज्यांना सगळ्यांत लवकर गारठा चढतो तीच मुलं त्या रांगेतून सरळ ब्लॉकवर जातात. ज्या मुलांसाठी एवढा खर्च, एवढी धावपळ केली, त्यांच्या कामगिरीवर पाणी टाकणारी गोष्ट आपण कार्यक्रमपत्रिकेत पहिल्या क्रमांकावर छापतो. हा समारंभ दुपारच्या सुट्टीत घ्या. पाहुण्यांना त्या वेळी पदकंही देता येतील आणि त्यांना ऐकणारी मुलं कोरड्या कपड्यांत, पोटात काहीतरी पडलेली असतील.

"मुलं आहेत हो, खेळू द्या, एवढं शतांशाचं काय घेऊन बसलात?" असं एका ज्येष्ठ पंचांनी मला विचारलं होतं. मलाही मुलांनी नुसतं खेळावं असंच वाटतं. पण शतांशाचा हट्ट मुलांनी धरलेला नाही. १४, १७, १९ वर्षांखालच्या गटांत जिल्ह्यातून विभागावर, विभागावरून राज्यावर कोण जाणार हे वेळेवर आणि नंबरावर ठरतं. वरच्या पातळीवर खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीत सवलतीचे गुण मिळतात, आणि राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. या वाटेची पहिली पायरी म्हणजे हीच जिल्हा स्पर्धा. तिथे आपण घड्याळ इतकं काटेकोर लावत असू, तर त्या घड्याळासमोर सगळ्यांना सारख्या स्थितीत उभं करणंही आपल्यावर येतं. सध्या ती स्थिती सारखी नसते. ज्या क्लबचे कोच स्वतः हीटची यादी घेऊन बसतात, मुलांना गाडीत गरम ठेवतात, वीस मिनिटं आधी दोरीच्या उड्या मारायला लावतात, त्यांची मुलं पुढे जातात. शाळेच्या पीटी सरांबरोबर एसटीनं आलेला तालुक्याचा मुलगा, ज्याला आपली हीट कधी आहे हेच कळत नाही, तो तासभर ओलाच बसतो. दोघांच्या वेळेत जो फरक येतो, त्यातला किती पोहण्याचा आणि किती त्या तासाचा?

"आमच्या वेळी कुठे होता वॉर्म-अप? विहिरीत उडी मारायचो आणि पोहायचो." हेही नेहमी ऐकते. माझे वडील असेच पोहायला शिकले, आणि त्या पोहण्याबद्दल मला आदर आहे. पण विहिरीच्या काठावर कुणी स्टॉपवॉच घेऊन उभं नव्हतं.

पैशांचा मुद्दा मात्र खरा आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धेला मुख्य टँकशेजारी सरावासाठी दुसरा टँक असतो. पाणी २५ ते २८ अंशांत राखायचं असतं. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी एकच टँक, तोही पालिकेचा, सकाळी नागरिकांच्या बॅचसाठी राखलेला. पाणी तापवायची सोय नाही आणि नाशिक-पुण्याकडे डिसेंबरात त्या पाण्यात पाय घालवत नाही. दुसरा टँक मागणं आज व्यर्थ आहे, आणि मी तो मागतही नाही. मला हवं आहे ते वेळापत्रक. लहान गटाचा वॉर्म-अप वेगळा, मोठ्या गटाचा वेगळा, आणि प्रत्येकाच्या शर्यती त्याच्या वॉर्म-अपनंतर लगेच. दर दहा-बारा हीटनंतर दहा मिनिटं टँक पुढच्या शर्यतीच्या मुलांसाठी मोकळा. हीटची यादी आदल्या संध्याकाळी, अंदाजे वेळेसह, कोचच्या व्हॉट्सॲपवर. मुलांना ब्लॉकमागे चाळीस मिनिटं आधी बोलावून ठेवण्याऐवजी दहा मिनिटं आधी. आणि एखाद्या छपराखाली चार कोरड्या मॅट. यातल्या कशालाही निविदा काढावी लागत नाही.

पालकांशीही थोडं बोलायचं आहे, कारण बरीच धडपड तुम्ही करता आणि ती चुकीच्या जागी जाते. बामनं त्वचा चुरचुरते, पण आतला स्नायू तापत नाही. तेल तर पाण्यात उतरून सगळ्यांच्याच हातांना लागतं. शर्यतीच्या तोंडावर मुलाचा पाय धरून मिनिट-दीड मिनिट ताणून ठेवू नका. तसा लांबवलेला ताण झटक्याची ताकद थोडा वेळ कमीच करतो. त्यापेक्षा हात गोल फिरवणं, जाग्यावर उड्या, भिंतीला टेकून दंड. पाण्यातून बाहेर आल्याबरोबर डोकं पुसा, ओला कॉश्च्यूम जास्त वेळ अंगावर राहणार असेल तर बदला, वरून जाडसर काहीतरी घाला आणि पायांत चपला राहू द्या. बॅगेत दुसरा कोरडा टॉवेल ठेवा, पहिला नेहमी ओला होतो. आणि पोरगं तयार नसताना "जा, जा, तुझा नंबर आला" म्हणून त्याला अर्धा तास आधी ब्लॉककडे ढकलू नका.

मी हे सगळं स्वप्नरंजन म्हणून लिहीत नाही, कारण ते झालेलं मी पाहिलं आहे. एका लहान गावातली स्पर्धा, सहा लेनचा २५ मीटरचा टँक, डिसेंबरची सकाळ. तिथल्या संयोजक बाई स्वतः कधीकाळी पोहलेल्या. त्यांनी पत्रिकेत प्रत्येक शर्यतीपुढे वेळ छापली होती आणि ती पाच-दहा मिनिटांच्या फरकानं पाळली. पाहुणे दुपारी जेवणाआधी आले, बोलले, पोरांनी भरपूर टाळ्या वाजवल्या. पंप हाऊसशेजारच्या पत्र्याखाली शाळेच्या सतरंज्या अंथरल्या होत्या आणि तिथे स्वेटर घातलेली पोरं बेडकासारखी उड्या मारत होती.

माझ्या लेनमधला मुलगा पाण्यातून निघून जेमतेम बारा मिनिटं झाली होती. केस ओलेच होते. शिट्टी झाली तसा त्यानं स्वेटर काढला, इकडेतिकडे पाहिलं, "काकू, ठेवू?" म्हणाला आणि माझ्या मांडीवर टाकून ब्लॉकवर चढला. त्या थंडीत त्याच्या खांद्यांवरून बारीक वाफ निघताना दिसत होती. मी घड्याळावर अंगठा ठेवला. मांडीवरचा स्वेटर अजून गरम होता.